खडीच्या रस्त्यावरची कसोटी : राजधानीचे रॅलीस्वप्न आणि रस्त्याकडेचा माणूस

नवी दिल्ली : राजधानी परिसरात मोटार क्रीडेचा विषय निघाला की चर्चा हटकून ग्रेटर नोएडातील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटपाशी जाऊन थांबते. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे तेथे फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या. पुढे दहा वर्षांनी, सप्टेंबर २०२३ मध्ये, मोटोजीपी आली आणि तीही एकाच हंगामापुरती टिकली. फॉर्म्युला वन परत आणण्याची भाषा अधूनमधून होत असते. मात्र याच मोटार क्रीडेची दुसरी आणि भारताच्या भूगोलाला अधिक जवळची शाखा या चर्चेत सहसा येत नाही. ती म्हणजे खडीच्या कच्च्या रस्त्यांवर होणारी रॅली. तिला अब्जावधी रुपयांची धावपट्टी लागत नाही. तिला लागतो सार्वजनिक रस्ता, आणि त्या रस्त्यावर रोज चालणाऱ्या माणसाची संमती. जागतिक रॅली अजिंक्यपद मालिकेची एकही फेरी आजवर भारतात झालेली नाही. ती का झाली नाही, हा प्रश्न पैशाचा कमी आणि या संमतीचा अधिक आहे.

दिल्लीने देशाला आशिया-प्रशांत विजेता रॅलीचालक दिला. अनेक मोठ्या रॅलींना झेंडाही दिल्ली परिसरातूनच दाखविला गेला. तरीही खडीवरच्या आंतरराष्ट्रीय रॅलीसाठी जे सर्वांत आवश्यक, ते म्हणजे रस्त्याच्या सुरक्षेची सार्वजनिक आणि उत्तरदायी व्यवस्था, ती अद्याप उभी राहिलेली नाही. हे समजून घेण्यासाठी आधी हा खेळ कसा चालतो, ते पाहणे आवश्यक आहे.

खेळाचे स्वरूप

सर्किटवरील शर्यतीत सर्व गाड्या एकाच वेळी सुटतात आणि एकमेकींना मागे टाकतात. रॅलीत तसे होत नाही. येथे गाड्या ठराविक मिनिटांच्या अंतराने एकेक करून सोडल्या जातात आणि प्रत्येकीची झुंज घड्याळाशी असते. ज्या भागात वेळ मोजली जाते त्याला ‘स्पेशल स्टेज’ म्हणतात, आणि तो रस्ता इतर सर्व वाहतुकीला बंद असतो. एका टप्प्याकडून दुसऱ्या टप्प्याकडे जाताना मात्र हीच गाडी सामान्य रस्त्यावरून, वाहतुकीचे सर्व नियम पाळून, सिग्नलला थांबत जाते. तिला नोंदणी क्रमांक असतो आणि वेगमर्यादा मोडल्यास दंडही होतो.

गाडीत दोघे असतात. चालक गाडी हाकतो. सहचालक शेजारी बसून, आधीच्या पाहणीत लिहून घेतलेल्या टिपणांवरून पुढचे वळण किती तीव्र, चढ कोठे, खड्डा कोठे, हे क्षणाक्षणाला वाचून दाखवितो. चालकाला पुढचा रस्ता दिसण्यापूर्वी तो ऐकू येतो, आणि त्या शब्दावर विश्वास ठेवून तो वेग कायम राखतो. टिपणात जे लिहिलेले नाही, ते त्याच्या दृष्टीने रस्त्यावर नसते. एखादे गुरू, एखादी मोटारसायकल वा शाळेतून परतणारे मूल टिपणात नसते.

खडीमुळे हा धोका वाढतो. सुट्या खडीवर चाकांची पकड कमी असते आणि थांबण्यास डांबरी रस्त्यापेक्षा अधिक अंतर लागते. गाडी वळणावर मुद्दाम आडवी घसरवत न्यावी लागते. पहिली गाडी सुटी खडी झाडून बाजूला सारते आणि त्याचा लाभ मागच्यांना मिळतो; पण पुढच्या गाडीने उडविलेला धुरळाही मागच्यांनाच झेलावा लागतो. म्हणून दोन गाड्यांतील अंतर वाढवावे लागते. हे अंतर वाढले की रस्त्याकडेला उभ्या असलेल्या अनभिज्ञ माणसाला वाटते, गाड्या गेल्या, रस्ता मोकळा झाला. अपघाताची शक्यता सर्वाधिक असते ती अशा शांततेच्या मिनिटांत.

दिल्लीचा वारसा

राजधानीचे या खेळाशी नाते जुने आहे. नोव्हेंबर १९६८ मध्ये लंडनहून निघालेल्या लंडन-सिडनी मॅरेथॉनमध्ये ९८ गाड्या होत्या. काबूलकडून आलेला तो ताफा दिल्लीमार्गे मुंबईला पोहोचला आणि तेथून ‘चुसान’ या जहाजाने ऑस्ट्रेलियाकडे रवाना झाला. भारतीय प्रेक्षकाला आंतरराष्ट्रीय रॅलीचे हे पहिले मोठे दर्शन होते. पुढे १९८० मध्ये मुंबईचे नझीर हुसेन यांच्या पुढाकाराने हिमालयन कार रॅली सुरू झाली आणि त्या दशकात परदेशी चालक गढवाल-कुमाऊँच्या आणि हिमाचलच्या घाटांत उतरू लागले. २००३ पासून राजस्थानच्या वाळवंटात जाणाऱ्या ‘डेझर्ट स्टॉर्म’ने हा धागा पुढे नेला. तिच्या अनेक पर्वांना झेंडा दिल्ली परिसरातच दाखविण्यात आला.

याच शहरातील गौरव गिल यांनी २०१३ मध्ये आशिया-प्रशांत रॅली अजिंक्यपद मिळविले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. २०१६ आणि २०१७ मध्ये त्यांनी ते पुन्हा जिंकले. ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांची अर्जुन पुरस्कारासाठी निवड झाली. मोटार क्रीडेतील खेळाडूला हा पुरस्कार मिळण्याची ही पहिलीच वेळ. शासनाने या खेळाला दिलेली ही मोठी मान्यता होती. मोटार शर्यतीला खेळ मानावे की मनोरंजन, या वादात फॉर्म्युला वनची नोएडातील शर्यत करमणूक कराच्या जाळ्यात अडकली होती. त्या पार्श्वभूमीवर या पुरस्काराचे महत्त्व अधिकच जाणवते.

या इतिहासात एक बाब मात्र सतत दिसते. दिल्लीने उद्घाटन केले, प्रायोजक दिले, खेळाडू दिले. पण प्रत्यक्ष वेग अजमावला गेला तो हिमालयाच्या घाटात किंवा मारवाडच्या गावांत. जोखीम ज्यांच्या दारात गेली, ते लोक उद्घाटनाच्या मांडवात नव्हते.

सप्टेंबर २०१९ चा धडा

अर्जुन पुरस्काराला महिनाही उलटला नव्हता, तोच २१ सप्टेंबर २०१९ रोजी राष्ट्रीय रॅली मालिकेच्या जोधपूर फेरीत, तत्कालीन बाडमेर जिल्ह्यातील एका टप्प्यावर भीषण अपघात झाला. गिल यांची गाडी धावत असताना एक मोटारसायकल त्याच रस्त्यावर आली. मोटारसायकलीवरील पती, पत्नी आणि त्यांचा मुलगा, असे एकाच कुटुंबातील तिघेजण मृत्युमुखी पडले. रॅली रद्द करण्यात आली. रस्ता बंद केलेला होता आणि इशारा देऊनही मोटारसायकल आत आली, असे आयोजकांच्या बाजूने सांगण्यात आले. मृतांच्या आप्तांनी निष्काळजीपणाचा आरोप केला आणि पोलिसांनी गुन्हा नोंदविला.

दोष कोणाचा, हे ठरविणे न्यायव्यवस्थेचे काम आहे. या विश्लेषणाचा प्रश्न वेगळा आहे. बंद केलेल्या रस्त्यावर वाहन येऊच कसे शकते? शहरी प्रेक्षकाला ‘रस्ता बंद’ हे शब्द पुरेसे वाटतात. पण मारवाडातील वा मेवातमधील कच्चा रस्ता महामार्गासारखा दोन टोकांचा नसतो. त्याला शेतांतून, ढाण्यांतून, कुंपणांच्या फटींतून दहा पाऊलवाटा येऊन मिळतात. ज्याचे घर त्या रस्त्यावर आहे, त्याला तो रस्ता बंद आहे हे दोरी आणि शिट्टी यांवरून पटत नाही. आपल्याच रस्त्यावर जाण्यास परवानगी का घ्यावी, हा त्याचा प्रश्न रास्तही असतो. टोकाला उभा केलेला स्वयंसेवक परगावचा असेल, तर त्याच्या शब्दाला वजनही नसते. म्हणून खडीवरील रॅलीची सुरक्षा गाडीतील पोलादी पिंजऱ्याने पूर्ण होत नाही. तो पिंजरा आतल्या दोघांना वाचवितो, बाहेरच्याला नाही.

कायद्याची चौकट

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार, राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत भरविणे वा तीत भाग घेणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याची शिक्षा एक महिन्यावरून तीन महिने कैद आणि दंड पाचशे रुपयांवरून पाच हजार रुपयांपर्यंत वाढविला. सार्वजनिक सुरक्षेसाठी रस्त्यावरील वाहतूक तात्पुरती रोखण्याचा अधिकार कलम ११५ देते. म्हणजे संमती देण्याची तरतूद आहे आणि रस्ता बंद करण्याचीही आहे. मात्र संमती देताना शासनाने नेमके काय तपासावे, याचा तपशील कलम १८९ मध्ये नाही. किती मार्शल असावेत, गावाला किती दिवस आधी कळवावे, प्रत्येक पाऊलवाटेवर कोण उभे राहील, पोलीस आणि आयोजक यांच्यात अंतिम शब्द कोणाचा, हे सारे स्थानिक अधिकाऱ्याच्या विवेकावर आणि आयोजकांच्या नियमावलीवर राहते. क्रीडा महासंघाचे नियम असतात. पण ते खेळाडूला आणि आयोजकाला बांधतात, गावकऱ्याला संरक्षणाचा हक्क देत नाहीत.

याहून कमी चर्चिलेली बाब विम्याची आहे. तृतीय पक्षाच्या हानीसाठी प्रत्येक वाहनाला विमा सक्तीचा आहे. परंतु वाहन ‘संघटित शर्यत वा वेगचाचणी’साठी वापरले जाऊ नये अशी अट विमापत्रात असेल आणि तिचा भंग झाला, तर विमा कंपनीला दायित्व नाकारण्याचा आधार याच कायद्यात उपलब्ध आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा की, ट्रकने धडक दिल्यास कुटुंबाला जो नेहमीचा आधार असतो, तोच रॅलीच्या गाडीने धडक दिल्यास वादग्रस्त होऊ शकतो. अशा वेळी आयोजकाने स्पर्धेपुरता घेतलेला स्वतंत्र विमा हाच मुख्य आधार उरतो. तो किती रकमेचा असावा आणि त्यात रस्त्याकडेचा माणूस समाविष्ट आहे की नाही, हे परवानगी देणाऱ्याने कागदावर पाहिलेच पाहिजे.

राजधानी परिसरात अडचण आणखी गुंतागुंतीची होते. राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचा विस्तार सुमारे ५५ हजार चौरस किलोमीटर आहे. त्यात दिल्लीसह हरियाणाचे १४, उत्तर प्रदेशचे ८ आणि राजस्थानचे अलवर व भरतपूर हे जिल्हे येतात. सकाळी दिल्लीतून निघालेली, दुपारी हरियाणात धावलेली आणि संध्याकाळी अलवरच्या टेकड्यांत पोहोचलेली रॅली तीन शासनांच्या संमतीवर अवलंबून असते. खडीचे रस्ते ज्या अरवलीच्या पट्ट्यात आहेत, तेथील जमिनीचा प्रश्नही नाजूक आहे. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंजाब भूसंरक्षण कायद्याच्या विशेष आदेशांखालील हरियाणातील जमिनींना वनाचे संरक्षण लागू असल्याचे स्पष्ट केले. उत्तर भारतात रॅलीला सोयीचा असणारा हिवाळा हाच दिल्लीच्या दूषित हवेचाही काळ असतो. या काळात बांधकामाची धूळ आणि जुनी वाहने यांवर श्रेणीबद्ध निर्बंध लागतात. ज्या नगरीत धुळीपायी बांधकामे थांबविली जातात, तिच्या वेशीवर धुरळ्याचा खेळ भरविताना त्याचे समर्थन लोकांना पटावे लागेल.

जगाने काय केले

रॅलीच्या इतिहासात असे वळण अन्य देशांनीही अनुभवले आहे. मार्च १९८६ मध्ये पोर्तुगालच्या रॅलीत एक गाडी रस्त्याला खेटून उभ्या असलेल्या गर्दीत शिरली आणि तीन प्रेक्षक ठार झाले. त्यानंतर दोन महिन्यांनी कॉर्सिकात चालक हेन्री टोइव्होनेन आणि सहचालक सर्जिओ क्रेस्टो यांचा मृत्यू झाला. त्या हंगामाअखेर ‘ग्रुप बी’ या अतिवेगवान गाड्यांचा वर्ग जागतिक मालिकेतून बाद करण्यात आला. खेळाने आपला सर्वांत लोकप्रिय भाग सोडला आणि तरीही खेळ टिकला.

स्कॉटलंडचे उदाहरण भारताला अधिक जवळचे आहे. मे २०१४ मध्ये जिम क्लार्क रॅलीत तीन प्रेक्षक दगावले. शासनाने मोटार क्रीडेच्या सुरक्षेचा स्वतंत्र आढावा घेतला. पुढे न्यायालयासमोर मृत्यूंची जाहीर चौकशी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध करण्यात आले. सार्वजनिक रस्त्यांवर रॅली भरविण्यासाठी नवी कायदेशीर व्यवस्था आली, आणि त्यानंतरच, २०१९ मध्ये, ही रॅली बंद रस्त्यांवर परतली. ज्या वर्षी स्कॉटलंडने पाच वर्षांच्या खंडानंतर आपली रॅली पुन्हा सुरू केली, त्याच वर्षी राजस्थानात तीन जीव गेले. स्कॉटलंडमधील चौकशीचा निष्कर्ष कोणालाही वाचता येतो. राजस्थानच्या घटनेतून देशभरातील जिल्हाधिकाऱ्यांसाठी बंधनकारक अशी नियमावली मात्र पुढे आली नाही.

तिसरे उदाहरण केनियाचे आहे, आणि त्यात भारतीय वंशाच्या चालकांचा वाटा मोठा आहे. जोगिंदर सिंग यांनी सफारी रॅली तीन वेळा, तर शेखर मेहता यांनी पाच वेळा जिंकली. जुनी सफारी हजारो किलोमीटर, प्रसंगी वाहत्या रहदारीच्या रस्त्यांवरून धावत असे. २००२ नंतर ती जागतिक मालिकेतून वगळण्यात आली. २०२१ मध्ये ती परतली तेव्हा तिचे रूप बदलले होते : मार्ग आटोपशीर, स्पर्धात्मक टप्पे पूर्णतः बंद, आणि बरेचसे नैवाशा परिसरातील खासगी राखीव क्षेत्रांत. उद्घाटन आणि प्रेक्षणीय छोटा टप्पा राजधानी नैरोबीत, आणि खरी कसोटी नियंत्रित भूमीत. शासन त्यात थेट भागीदार होते.

भारतात याच दिशेने काही पावले पडली आहेत. कर्नाटकातील चिकमंगळूरला आशिया-प्रशांत मालिकेची भारतीय फेरी कॉफीच्या मळ्यांतील रस्त्यांवर झाली. मळ्याला फाटके असतात, मालक असतो, ये-जा करणाऱ्यांची ओळख असते. महाराष्ट्रात नाशिकच्या रॅलीने राष्ट्रीय मालिकेत अनेक वर्षे स्थान राखले. पुण्याचे संजय टकले यांच्यासारखे चालक परदेशी रॅलींत आणि डकारच्या क्लासिक विभागात उतरले; केरळच्या हरिथ नोआ यांनी २०२४ च्या डकार रॅलीत आपल्या वर्गात प्रथम क्रमांक मिळविला. गुणवत्तेची वाण नाही, हे यावरून स्पष्ट होते.

पुढची वाट

राजधानी परिसराने आंतरराष्ट्रीय खडी रॅलीचा विचार करायचा असेल, तर नैरोबी-नैवाशाचा नमुना सर्वांत व्यवहार्य दिसतो. उद्घाटन दिल्लीत व्हावे. बंदिस्त जागेतील प्रेक्षणीय टप्पा, जेथे प्रेक्षक कुंपणामागे बसतो, तो ग्रेटर नोएडात व्हावा. आणि लांब पल्ल्याचे टप्पे अशा जमिनीवर असावेत जिची फाटके मोजता येतात. याने अरवलीच्या वनभूमीवरील ताणही टळेल.

परंतु जागेपेक्षा कार्यपद्धती महत्त्वाची आहे. पहिली गोष्ट, कलम १८९ खालील संमतीसाठी केंद्राने राज्यांशी विचारविनिमय करून नमुना नियम करावेत. मार्गावरील प्रत्येक ग्रामपंचायतीला लेखी पूर्वसूचना, प्रत्येक उपवाटेवर स्थानिक माणसाची नेमणूक आणि टप्पा थांबविण्याचा अधिकार असलेला पोलीस अधिकारी, या किमान अटी असाव्यात. दुसरी, रस्त्याकडेच्या नागरिकाला समाविष्ट करणारा स्वतंत्र विमा दाखविल्यावाचून संमती मिळू नये. तिसरी, प्राणहानी झाल्यास महासंघाच्या अंतर्गत चौकशीवर न थांबता जाहीर चौकशी व्हावी आणि अहवाल संबंधित गावाच्या भाषेत उपलब्ध व्हावा.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्यापुढे रॅलीतील क्वचित अपघातांची एवढी चर्चा कशाला? उत्तर सरळ आहे. सामान्य अपघातात शासन रस्त्याचे रक्षक असते. रॅलीत ते स्वतः, लेखी संमती देऊन, त्या रस्त्यावरील नेहमीचे नियम काही तासांपुरते बाजूला ठेवते. जे धोक्याला परवानगी देतात, त्यांची जबाबदारी अधिक असते. शिवाय चालक आणि सहचालक यांनी जोखीम स्वतःहून पत्करलेली असते. मोटारसायकलीवरून घरी जाणाऱ्या कुटुंबाने ती पत्करलेली नसते.

हे नियम खेळाच्या मुळावर येतील, ही भीतीही निराधार आहे. पोर्तुगालची रॅली आजही भरते, स्कॉटलंडची परतली, सफारी अधिक भक्कम होऊन आली. जेथे नियम स्पष्ट असतात तेथे प्रायोजक येतात, आणि जेथे ते धूसर असतात तेथे एका अपघाताने सारी मालिका ठप्प होते. फॉर्म्युला वनच्या करविषयक अनुभवातूनही हेच शिकता येते : नोएडातील धावपट्टी उत्तम होती, नियमांची वाट मात्र खडबडीत ठरली.

दिल्लीने आजवर रॅलीला झेंडा दाखविला आहे. आता त्या झेंड्यापासून शंभर-दोनशे किलोमीटरवर, कच्च्या वाटेच्या कडेला राहणाऱ्या माणसाची हमी घेण्याची पाळी आहे. ती हमी कागदावर आली आणि वाटेवर दिसू लागली, तर जागतिक मालिकेला भारताचे दार बंद राहण्याचे कारण उरणार नाही. ती येत नाही तोवर आपल्याकडे विजेते असतील, पण त्यांना मायदेशी निर्धास्तपणे धावता येईल असा रस्ता नसेल.